एक्केचाळीस वाक्ये

बाईंनी अहवालाचे सातवे पान टेबलावर पालथे घातले, त्यावर पेपरवेट ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला बस म्हटले नाही. बाई ज्याला बस म्हणत नाहीत त्याचे काही खरे नसते, हे विभागातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होते. मुलीलाही होते. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पाहिला आणि लगेच काढून घेतला.

विद्यार्थी बाईंना पाठीमागे चाळणीबाई म्हणत. बाईंना ते माहीत होते आणि, खरे सांगायचे तर, आवडतही होते. साम्य शोधणारे सॉफ्टवेअर विद्यापीठात यायच्या कितीतरी आधीपासून त्यांना उसने वाक्य दाताखाली खडा यावा तसे लागायचे. दरवर्षी पहिल्याच तासाला त्या सांगत, की दुसऱ्याचे वाक्य घ्यायचे तर खुशाल घ्या, पण त्याला अवतरणचिन्हांत बसवा आणि त्याच्या मालकाचे नाव खाली लिहा. नाव न लिहिता घेतले तर ती चोरी, मग वाक्य चार शब्दांचे का असेना. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे, पण मागच्या बाकावरची कुजबुज थांबत असे.

"सात वाक्यं," बाई म्हणाल्या. "शब्दशः. आणि ती आहेत कुठे? प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला, नाहीतर शेवटी. म्हणजे परीक्षक जिथे हमखास वाचतो तिथे."

"मी कुणाचं काही उचललेलं नाही, मॅडम."

हे वाक्य बाईंनी आजवर शंभर जणांकडून तरी ऐकले होते, आणि तेही फारसे कुणाचे स्वतःचे नसायचे.

विभागात या मुलीला सगळे रांगवाली म्हणत, कारण तिच्या प्रबंधाचा विषयच रांग हा होता. तिची आई सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी नंबर पुकारायची. त्या खिडकीसमोरच्या रांगेत ही मुलगी दोन वर्षे वही घेऊन उभी राहिली. ताटकळलेली माणसे एकमेकांशी काय बोलतात, कुणाला पुढे सोडतात, कुणाला डोळे वटारतात, हे सगळे तिने टिपून घेतले. बाईंच्या हाताखालून गेल्या दहा वर्षांत इतके चोख काम गेले नव्हते, म्हणून तर आज राग दुप्पट होता. एका महाविद्यालयात तिची नेमणूक ठरली होती. प्रबंध मंजूर झाल्याचे पत्र एक तारखेच्या आत दाखवले तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची. समितीची बैठक गुरुवारी अकराला होती. चोरी सिद्ध झाली की नियमाप्रमाणे दोन वर्षे प्रबंध सादर करता येत नसे. आज मंगळवार होता.

बाईंनी पान पुन्हा सुलटे केले. वाक्ये कुठे कुठे सापडली याची यादी त्यावर होती. ग्रंथपालबाईंनी सुट्टीत तीस वर्षांचे जुने प्रबंध स्कॅन करून त्या सॉफ्टवेअरला चारले होते, त्यातलेच हे एकोणीस. बाई शीर्षके वाचू लागल्या. एक मधमाश्यांवर, एक नदीच्या वाळूवर, एक रक्तपेढ्यांवर, एक पुलांना लागणाऱ्या गंजावर.

बाईंचे बोट वाळूवर थांबले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले होते, आणि चोर मुळात आळशी असतो हे त्यांचे ठाम मत होते. एकोणीस घरे फोडून सातच चमचे नेणारा चोर त्यांच्या पाहण्यात नव्हता.

"तू हाताने लिहिलेली प्रत आहे?" त्यांनी विचारले.

प्रत होती. मुलगी वसतिगृहावर पळत गेली आणि धापा टाकत तीन जाडजूड वह्या घेऊन आली. बाईंनी पहिले प्रकरण काढले. टाइप केलेल्या प्रतीत त्याचा शेवट असा होता: "उंबरठा ओलांडला म्हणजे घर कळले असे नाही, आता आत जाऊ." वहीत प्रकरण संपत होते ते केसपेपरच्या खिडकीच्या वेळांवर. पुढे रेघ, आणि दुसरे प्रकरण. बाईंनी एकामागून एक सातही जागा पाहिल्या. सातही वाक्ये वहीत नव्हती.

"बस," बाई म्हणाल्या.

मुलगी बसली, आणि बसल्याबरोबर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. बाईंनी तिला पाण्याचा पेला दिला आणि ती थांबेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी विचारले, की टाइप होऊन आल्यावर तू ते वाचले नाहीस का.

"वाचलं ना, मॅडम," मुलगी नाक पुसत म्हणाली. "मला वाटलं, मीच लिहिलंय. इतकं चांगलं आपल्या हातून कधी उतरलं म्हणून दोन दिवस खुशीत होते."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात ढकलले, पर्स उचलली आणि मुलीला बरोबर घेतले.

ग्रंथालयामागच्या गल्लीत, सायकलदुरुस्ती आणि झेरॉक्स यांच्या मध्ये, मुलीचा प्रबंध जिथे टाइप झाला ते टंकलेखन आणि बांधणीचे दुकान होते. आत दोन संगणक, एक लोखंडी दाबयंत्र, खळीचा आंबूस वास, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे उठवायचे खिळे भरलेला खणाखणांचा ट्रे. काका टाइप करत आणि काकू बांधणी. दोघांनाही याखेरीज दुसरे नाव असेल असे विद्यापीठात कुणाला कधी वाटले नव्हते. बाईंचा स्वतःचा प्रबंध सत्तावीस वर्षांपूर्वी इथेच टाइप झाला होता, तेव्हा संगणकांच्या जागी टाइपरायटर होता आणि काकांच्या डोक्यावर केस होते. त्यानंतर मात्र बाईंचे इकडे येणे झाले नव्हते. त्या आपले लिखाण आपणच टाइप करायला शिकल्या होत्या.

बाईंनी खुणा केलेली पाने काकांनी हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेक वाक्य वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा फुलला, जणू शाळा सुटल्यावर फाटकातून आपलीच पोरे बाहेर येताना दिसावीत.

"ही माझीच आहेत," ते म्हणाले.

त्यांनी लपवले काहीच नाही. उलट एकतीस वर्षांत कुणीतरी विचारले याचाच त्यांना आनंद झालेला दिसला. बाईंना आणि मुलीला स्टुलांवर बसवून त्यांनी सगळे सांगितले. सुरुवात मातीवर प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलापासून झाली. मुलगा हुशार, पण नव्वद पाने लिहून प्रकरण असे तोडायचा, की वाचणाऱ्याचा पाय पायरी समजून हवेत पडावा. काकांना ते टाइप करवेना. त्यांनी एक वाक्य आपल्या पदरचे घातले. मुलाच्या ते लक्षातही आले नाही, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमके त्याच वाक्याचे कौतुक केले म्हणून तो नाचत सांगायला आला. तेव्हापासून जिथे दोन प्रकरणांचे सांधे जुळत नसत तिथे काका एखादे वाक्य घालत. गरज असेल तरच, आणि एका प्रकरणाला एकच, हा त्यांचा नेम होता. पद्धतीच्या प्रकरणाआधी, "येथवर विहीर पाहिली, आता दोर किती लागेल ते पाहू." कोष्टके संपली की, "मोजून झाले म्हणजे वस्तू संपत नाही, ती नीट दिसू लागते." ही वाक्ये कुठल्याही विषयाला चालत, म्हणून तीच तीच फिरून वापरली जात. मधमाशीला चालली, तशी वाळूलाही चालली.

"मी ह्यांना पहिल्यापासून सांगत आलेय," खळीचा ब्रश न थांबवता काकू म्हणाल्या, "लोकांच्या ताटात आपल्या हाताने वाढायला जाऊ नका. पण ऐकतंय कोण."

बाई म्हणाल्या, की निदान त्या मुलांना विचारायचे तरी होते. काका जरा ओशाळले. मग म्हणाले, की विचारले असते तर पोरे नको म्हणाली असती, आणि ती वाक्ये नको म्हणण्यासारखी नव्हती हो. दहावीनंतर शाळा सुटली होती त्यांची. पण दोन हजारांवर प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेले होते, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते वाचणारा माणूस लिहिणाऱ्यानंतर बहुतेक वेळा ते एकटेच असत. हे त्यांनी बढाई म्हणून सांगितले नाही. बाईंनी मनातल्या मनात परीक्षकांची नावे आठवून पाहिली आणि त्यांना ते खोडून काढता आले नाही.

"हिच्यात सात का?" बाईंनी विचारले.

"हिचं मला फार आवडलं," काका म्हणाले. "म्हणून जरा जास्तच झाली."

मग बाईंनी गुरुवारच्या बैठकीचे सांगितले. दोन वर्षांचे सांगितले, नोकरीचेही सांगितले. काकांच्या चेहऱ्यावरचा फुलोरा उतरला. त्यांनी मुलीकडे पाहिले, मग स्वतःच्या बोटांकडे पाहिले, जणू बोटांनी त्यांना न विचारताच हे केले होते.

उपाय एकच होता, आणि बाईंनी तो आडपडदा न ठेवता मांडला. आजवर घातलेली सगळी वाक्ये, आठवतील तितकी, कुठल्या प्रबंधात घातली त्यासह लिहून द्यायची आणि खाली सही करायची, की हे लेखन माझे स्वतःचे आहे. तेवढे झाले की मुलीवरचा आळ जाईल. पण विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त टंकलेखकांच्या यादीतून काकांचे नाव काढून टाकतील, हेही होऊ शकते. ते नाव गेले की दुकानात यायला विद्यार्थ्यांना कारणच उरणार नाही.

काका काही बोलण्याआधी काकूंनी ब्रश खळीच्या भांड्यात ठेवला.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आपल्या हौसेपायी पोरीची दोन वर्षं जायला नकोत."

बाई संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा त्यांची ताई शिवणयंत्रावर बसली होती. थोरली बहीण, चाळीस वर्षे शाळांचे गणवेश शिवून आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचे उसवलेले सांधत असे आणि उरलेला वेळ धाकटीची खोड काढण्यात घालवत असे. बाई चपला काढून सरळ यंत्राशी गेल्या, खाली वाकल्या आणि यंत्राच्या लंगड्या पायाखालून आपला प्रबंध ओढून काढला. यंत्र डुगडुगले आणि ताईची टीप वाकडी गेली.

"सत्तावीस वर्षांनी आठवण झाली होय," ताई म्हणाली.

काकांचे बोलणे ऐकत असतानाच बाईंच्या मनात काहीतरी चाळवले होते. विहीर, दोर, उंबरठा. घरातल्या वस्तू घेऊन बोलायची ही तऱ्हा त्यांनी कुठेतरी फार जवळून पाहिली होती. प्रबंध स्त्रियांच्या घरकामावर होता, बिनपगारी कामाचे तास मोजण्यावर. त्यांनी तिसऱ्या प्रकरणाचे शेवटचे पान काढले. तिथे ते होते.

"बिजागरी दिसत नाही म्हणून दार आपोआप उघडते असे समजू नये."

या एका वाक्यावर बाईंची अर्धी कीर्ती उभी होती. त्यांच्या मार्गदर्शकांनी ते तोंडी परीक्षेत दोनदा वाचून दाखवले होते. त्यानंतर किती पुस्तकांत, किती भाषणांत ते आले, आणि दरवेळी अवतरणचिन्हांत, खाली बाईंचे नाव. बाईंना आठवत होते त्याप्रमाणे ते त्यांना एका दुपारी सुचले होते. कुठल्या दुपारी, हे मात्र आज कितीही ताण दिला तरी आठवेना.

त्यांनी ते ताईला वाचून दाखवले आणि विचारले, की हे मी लिहिले असेन असे तुला वाटते का.

"तू?" ताईने दातांनी दोरा तोडला. "तुझी पत्रं मी वाचलीत ना वसतिगृहातली. 'पोचले. बरी आहे. छत्री तिथेच राहिली.' तू जन्मात कधी कशाला कशाची उपमा दिली नाहीस. मला तेव्हाच वाटलं होतं, हे हिचं नव्हे."

"मग बोलली का नाहीस?"

"इतकी खूश होतीस," ताई म्हणाली.

बाई तिथेच फरशीवर बसल्या. वाईट वाटायला हवे होते आणि ते वाटलेच. सत्तावीस वर्षे चाळणी हातात घेऊन हिंडलो आणि तिच्या मधोमध भोक, या विचाराने कानशिले तापली. पण त्या तापण्याच्या खालून आणखी काहीतरी वर येत होते, ते हसू होते. रांगवाली दोन दिवस खुशीत होती आणि आपण सत्तावीस वर्षे. त्या हसू लागल्या, ताईही हसू लागली, आणि यंत्राचा पाय मात्र त्या दिवसापुरता ताईला पाटाच्या तुकड्यावर टेकवावा लागला.

बुधवारी दुपारी बाई दुकानात गेल्या तेव्हा मुलगी आधीच तिथे येऊन बसली होती. काकांची वाक्ये काढून तिथे तिने स्वतःची लिहायची असे ठरले होते. सकाळपासून सहा झाली होती. "पुढील प्रकरणात रांगेतील संभाषणाचे प्रकार दिले आहेत," असे त्यातले एक होते. काकांनी ओठ घट्ट मिटून, एक अक्षर इकडचे तिकडे न करता ते टाइप केले. त्यांच्या बोटांना काय यातना होत होत्या ते काकूंना दिसत होते आणि त्यांना त्याची भलतीच गंमत वाटत होती. सातवे वाक्य मुलीने काढले नव्हते. उंबरठ्याचे. ते तिला सोडवेना, म्हणून तिने त्याला अवतरणचिन्हे दिली आणि खाली तळटीप लिहिली, की हे वाक्य प्रबंधाच्या टंकलेखकांचे असून त्यांच्या परवानगीने घेतले आहे. पुढे काकांचे संपूर्ण नाव. स्वतःचे नाव टाइप करताना काकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, अक्षरे दिसेनात, आणि काकूंना एकेक अक्षर सांगावे लागले.

यादी तयार होती. चार पाने, आखलेले रकाने, क्रमांक, वाक्य, कुठल्या प्रबंधात, कुठल्या वर्षी. एकूण एक्केचाळीस वाक्ये. शेवटी प्रत्येक विद्यार्थी सही करतो तेच प्रतिज्ञापत्र, की प्रस्तुत लेखन माझे स्वतःचे आहे. काकांनी ते हजारो जणांसाठी टाइप केले होते. या वेळी खालची मोकळी जागा त्यांच्यासाठी होती.

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या सालासमोर कुणा दुसऱ्याचा प्रबंध होता.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या.

"नाही," काका संगणकाकडे बघत म्हणाले. "सगळी झाली."

"काका, बेचाळीस आकडा टाका. मी सांगते."

काकांनी मान वर केली नाही. त्यांनी आकडा टाकला. बाईंनी बिजागरीचे वाक्य हळूहळू सांगितले, वर्गात श्रुतलेखन घालावे तसे, आणि त्या एक शब्द सांगायच्या आत काकांच्या बोटांखाली पुढचे दोन उमटलेले असायचे. ब्रश थांबवून काकू बघत राहिल्या. मुलीने ते वाक्य पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिले होते, बाईंच्या नावासकट. तिचे तोंड उघडेच राहिले.

"प्रबंध कुणाचा म्हणून लिहू?" काकांनी विचारले.

"माझा."

काका खुर्चीत वळले. ते वाक्य पुन्हा कुणालाच दिले नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या कुठल्या प्रबंधात ते बसले नसते. आणि यादीतून का गाळले ते त्यांनी सांगितले नाही, बाईंनीही विचारले नाही.

"तुम्ही ते प्रकरण फार घाईत संपवलं होतंत," ते म्हणाले. "एवढं सगळं मोजलंत, आणि एकदम कोष्टक क्रमांक नऊ."

"होते मी घाईत," बाई म्हणाल्या. "छान वाक्य आहे, काका. सत्तावीस वर्षं मी त्यावर मिरवले. आता तुम्ही मिरवा."

बाईंना मनावरून ओझे उतरल्यासारखे इतके मोकळे वाटत होते, की त्यांनी मुलीकडे बघून चक्क डोळा मिचकावला. मुलगी आधी दचकली आणि मग खुदकन हसली. काकांनाही धीर आला असावा. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि कानकोंडे होत म्हणाले, की मग तसे पाहिले तर अजून चार आहेत.

"चार काय?"

"वाक्यं. चार माणसांची. मी मुद्दाम गाळली. चौघंही अजून याच आवारात आहेत, मोठ्या मोठ्या खुर्च्यांवर. त्यांची नावं मी कशी लिहू? तुमचं तुम्ही सांगितलंत."

बाईंनी चौघे कोण ते विचारले नाही. विचारावेसे फार वाटले, पण विचारले नाही.

"लिहू नका," त्या म्हणाल्या. "आकडे टाका आणि ओळी मोकळ्या ठेवा."

गुरुवारी अकराला समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, अध्यक्षांच्या पुढ्यात नियमांची पुस्तिका. अध्यक्ष भूगर्भशास्त्राचे, माणूस सचोटीचा पण कडक, आणि वाङ्मयचौर्याच्या प्रकरणात आजवर कुणाला सोडले नाही अशी ख्याती. त्यांच्या उजवीकडे ग्रंथपालबाई आणि पलीकडे आणखी दोघे सदस्य. मुलगी बाहेर बाकावर बसली होती, शेजारी दवाखान्यातून रजा काढून आलेली तिची आई. काका आले होते, पण आत बोलावले तरच येतो म्हणून जिन्याशीच उभे राहिले होते.

बाईंनी वह्या मांडल्या, टाइप केलेली प्रत मांडली, सात जागा दाखवल्या. मग काकांचे सही केलेले प्रतिज्ञापत्र आणि यादी अध्यक्षांच्या पुढे सरकवली. बेचाळिसावे वाक्य माझ्या प्रबंधातले आहे, मला ते काल कळले, आणि माझ्याविषयी समितीला जो निर्णय घ्यायचा असेल तो घ्यावा, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितले. एका सदस्याने हातातली बाटली न पिताच खाली ठेवली.

अध्यक्षांनी यादी वाचायला घेतली. पहिले पान त्यांनी भराभर वाचले, कपाळावर आठी. दुसऱ्या पानावर त्यांचा वेग मंदावला. विहीर, दोर, ताट, जाते, शिडी. तिसऱ्या पानावर आठी उतरली आणि ते एकेक वाक्य ओठ हलवत वाचू लागले, एखाद्या ओळखीच्या माणसाचा आवाज दुसऱ्या खोलीतून यावा आणि कोण ते आठवू नये तसे. बिजागरीपाशी ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी शेवटचे पान उलटले.

"या ओळी मोकळ्या का आहेत?"

"काका म्हणतात, अजून चार आहेत," बाई म्हणाल्या. "नावं त्यांनी सांगितली नाहीत. मी विचारली नाहीत."

बाहेर शिपाई कुणाला तरी रांगेत थांबा म्हणून सांगत होता. अध्यक्षांनी नियमांची पुस्तिका उचलली आणि ती न उघडता बाजूला ठेवली.

"मुलीचा प्रबंध मंजूर," ते म्हणाले. "पत्र आजच द्या. आणि त्या गृहस्थांना वर बोलवा, खुर्ची द्या."

मग त्यांनी खिशातले पेन काढले, टोपण उघडले आणि त्रेचाळीस या आकड्यासमोर लिहू लागले. वाक्य लांबलचक होते, खडक आणि पाटा-वरवंटा यांच्याविषयीचे, आणि ते त्यांना एकही शब्द न अडखळता पाठ होते. शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले. लिहून झाल्यावर कुणाकडेही न पाहता त्यांनी कागद उजवीकडे सरकवला. ग्रंथपालबाईंनी पेनासाठी हात आधीच पुढे केला होता.